खांद्यावरची थाप

खोटं बोलणं मला जमत नाही असं नाही. गिऱ्हाइकाला "उद्या नक्की देतो" असं मी रोज सांगतो.

पण ही गोष्ट खरी आहे.

आणि ती रात्रीची नाही. रविवार, सकाळचे अकरा, डोक्यावर रणरणतं ऊन आणि खाणीकडे चढत जाणारा रस्ता. असलं काही अंधारातच भेटतं, असं तोवर मलाही वाटायचं...

माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथवर मी, वेल्डिंगला दादा. माझा सख्खा मोठा भाऊ. त्याने मारलेला टाका बघायला दुसऱ्या दुकानांतले वेल्डर यायचे. दोघांना खूळ एकच, जुन्या गाड्या. वहिनी म्हणायची, एक वेळ सवत परवडली असती, पण हे भंगार नको.

ती गाडी आम्ही एका घड्याळजीच्या बायकोकडून आणली. नवरा वारला होता. गाडी त्यानेच शर्यतीसाठी घरी बनवलेली. लाकडी सांगाडा, सायकलसारखी बारीक चाकं आणि नाकात मोटारसायकलचं इंजिन. अशा गाडीला सायकलकार म्हणतात. अंग होडीसारखं अरुंद, त्यामुळे दोन सीटा एकामागे एक.

चालवणारा मागे. मदतनीस पुढे.

यातली मेख नीट समजून घ्या. गाडीला गियर नाहीत. चामड्याचा एक लांब पट्टा आणि इंजिनाजवळ दोन पुल्या. चढ लागला की पट्टा मोठ्या पुलीवरून छोटीवर घ्यायचा. तो पुढच्याने घ्यायचा, हाताने. त्याआधी मागच्याने दांडा ओढून पट्टा ढिला करायचा.

पट्टा पत्र्याच्या झाकणाखाली, म्हणून दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

म्हणून खूण ठरलेली. मागचा दांडा ओढणार आणि पुढच्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारणार. म्हणजे, पट्टा ढिला आहे, घाल हात.

थाप पडली की विचार करायचा नाही. मागे बसलेल्यावर तेवढा भरवसा हवाच.

घड्याळजीच्या बायकोने गाडी देताना एकच गोष्ट सांगितली होती. पुढे कोणाला बसवू नका.

आता आम्ही पडलो मिस्त्री. आम्हाला वाटलं, पुढची सीट कच्ची असेल. मी खालून पाहिलं तर फळीला खरंच चीर होती. दादाने खाली लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडल्या, सीटवर दणादणा उड्या मारल्या आणि म्हणाला, आता हत्ती बसव.

बाईंनी सीटबद्दल सांगितलंच नव्हतं, हे आम्हाला कुठे माहीत...

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी, वर्कशॉपमध्ये. इंजिन बंद होतं. दादा पुढच्या सीटवर बसून झाकणाचे स्क्रू आवळत होता. मी दहा पावलांवर, लेथवर.

"थांब जरा, होतंय माझं," दादा म्हणाला.

मी म्हटलं, मी कुठे काय बोललो?

"मग थापा कशाला मारतोस?"

मी लेथ बंद केला. दादाने मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं... आम्हा दोघांच्या मध्ये अख्खं टेबल होतं.

मागची सीट रिकामी.

दादा हसला. म्हणाला, तू जन्मापासूनचाच थापाड्या. मीही हसलो. तिथेच गाडी विकली असती तर फार बरं झालं असतं.

तो रविवार आला. शर्यत कसली, हौशी लोकांनी आपापल्या गाड्या खाणीच्या चढावर पळवून बघायच्या, एवढंच. मी मागे, दादा पुढे. वहिनी वर, वळणाच्या दगडावर डबा घेऊन बसलेली.

अर्धा चढ मोठ्या पुलीवरच झाला. गाडीने सुरेख वेग धरला होता.

वळण आलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दोन्ही. हे मी तेव्हापासून शेकडो वेळा सांगितलंय.

पुढे दादाने मान हलवली. आम्ही थाप पोचल्यावर हलवायचो तशी...

आणि त्याने झाकणाखाली हात घातला.

मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पट्टा उतरलासुद्धा नाही. गाडी तशीच धावत राहिली, दादा पुढे वाकलेला, आणि वहिनीला वाटलं तो नमस्कार करतोय. तिने हात हलवला.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. हातमोजा झाकणाखाली सापडला. तो उचलताना लक्षात आलं, की तो रिकामा नाही.

दवाखान्यात दादा शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला ते असं.

"तू थाप मारलीस."

मी म्हटलं, नाही मारली. दादा, शपथ, मी थाप मारली नाही.

वहिनी खिडकीपाशी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "भाऊजी, मग ही आत्ता मारताय ती कुठली?"

आपल्या भाषेत खांद्यावर मारतात तीही थाप आणि तोंडाने मारतात तीही थाप. माझ्या नावावर दोन्ही जमा झाल्या.

त्यानंतर दोन वर्षं दादा वर्कशॉपमध्ये रोज यायचा. दहाच्या ठोक्याला. दारात खुर्ची टाकून बसायचा. मी दुसरा वेल्डर ठेवला होता, त्याच्याकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. बघायचा माझ्याकडे. खरं सांगायचं तर, माझ्या उजव्या हाताकडे.

शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. पण नुसतं बघणं... ते मला सहन व्हायचं नाही.

मग एका सकाळी तो म्हणाला, "गाडी काढ. आज मी मागे. तू पुढे."

मी नाही म्हणू शकलो नाही. नाही म्हटलं असतं, तर थाप मीच मारली होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्याला दांडा ओढता यावा म्हणून मीच त्यावर मनगट अडकवायची कडी बसवली. स्टिअरिंग तो डाव्या हाताने धरणार होता.

तोच रस्ता. तसंच ऊन. या वेळी वळणावर कोणी नव्हतं.

इंजिन ओरडत होतं. चढ वाढला. वेग पडायला लागला. आता थाप येणार, हे मला कळत होतं. माझा हात झाकणापाशी तयार होता.

वळण आलं...

इंजिनाचा आवाज एकदम लांब गेला. कानात कापूस घातल्यासारखा.

आणि खांद्यावर थाप पडली.

एक...

दोन.

माझी बोटं झाकणाखाली गेलीसुद्धा होती. सवयच तशी. पण तेवढ्यात मला ते जाणवलं. खांद्यावर अंगठा मागच्या बाजूने टेकला होता, आणि पुढे गळ्याच्या हाडावर चार बोटं. वेगवेगळी, नीट, घट्ट.

चार बोटं आणि अंगठा.

दादाच्या उजव्या हाताला बोटंच नव्हती.

मी हात बाहेर खेचला. चढाला इंजिन दमलं, धापा टाकत बंद पडलं. ब्रेक लागला. सगळं शांत झालं. खांद्यावर आता काहीच नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं.

दादाचा उजवा हात हवेत होता. तो अंगठ्याचा हात, माझ्या खांद्यापासून वीतभर लांब, तसाच थांबलेला. दादा पांढराफटक पडला होता.

मग माझी नजर खाली गेली. दांडा जागच्या जागी होता. त्याने तो ओढलाच नव्हता.

पट्टा ताठ होता.

मला समजायला थोडा वेळ लागला. माझ्या सख्ख्या भावाने दोन वर्षं याच वळणाची वाट पाहिली होती.

दादानेच तोंड उघडलं. आवाज अगदी साधा, जेवायला काय आहे विचारावं तसा.

"मी मारणारच होतो. पण जागा नव्हती. तिथे आधीच कुणाचा तरी हात होता."

आम्ही गाडी ढकलत खाली आणली. त्या रविवारी थाप तू मारली नव्हतीस, असं तो म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने ते म्हटलं नाही. माफीही मागितली नाही. घरापाशी आल्यावर एवढंच म्हणाला, की दांड्याची कडी जरा सैल आहे, नीट करून ठेव.

मी ती केलेली नाही. गाडी झाकून ठेवली आहे. कोणाचा हात होता, ते आम्हाला कळलं नाही. घड्याळजीच्या बायकोला विचारायला गेलो तर घराला कुलूप होतं.

दादा अजून रोज दहाला येतो. हल्ली खुर्चीवर बसत नाही, गाडीत बसतो. मागच्या सीटवर. काल मला विचारलं, रविवारी मोकळा आहेस का.

लेथवर काम करताना माझी पाठ त्याच्याकडे असते. अधूनमधून खांद्यावर हात पडतो. मी वळून बघत नाही. आधी बोटं मोजतो.

पाच भरली की माझ्या जिवात जीव येतो.