जिन्यात वाट द्यावी लागते

जिन्यातला दिवा बदलायचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं ताई सकाळी मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. दुपारची जेवणं उरकली तरी ती स्टुलावर उभी राहून एका गंजलेल्या स्क्रूशी झटापट करत होती. ताई या घरातली थोरली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बिघडलेली उपकरणं दुरुस्त करायची, त्यामुळे वायरींना ती भीत नव्हती आणि ‘आपोआप’ या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

जिना दोन भिंतींमधून सरळ वर जाणारा, खिडकी नसलेला. भर दुपारीही तिथे दिवा लागायचा. अरुंद तर इतका, की समोरून कोणी आलं की एकानं भिंतीला चिकटून वाट द्यायची. भिंतींना चुना, म्हणून या घरातल्या माणसांचा एक खांदा कायम पांढरा. आई त्यावरून सगळ्यांना बोल लावायची आणि बोलता बोलता स्वतःचाच खांदा झटकायची.

तडकलेल्या काचेचा हा पितळी दिवाही तिनंच निवडलेला. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा याच जिन्यातून पडले आणि पाय मोडून घेतला. आता प्लास्टर निघालं होतं, डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलं होतं. पण बाबा खालच्या कोचावरून हलायचं नाव घेत नव्हते. उद्या सकाळी धाकटा भाऊ येऊन त्यांना आपल्या लिफ्टवाल्या इमारतीत घेऊन जाणार होता. पुढे घर विकायचं. बॅग भरून दाराशी ठेवलेलीसुद्धा होती.

हे घर सुटलं तर बाबा फार दिवस काढणार नाहीत, अशी ताईला धास्ती होती. तिनं धाकट्याला फोनवर हट्टानं कबूल करायला लावलं होतं: आज बाबा वर जाऊन झोपले, तर बॅग उघडायची.

स्क्रू एकदाचा निघाला. खाली कोचावर बसलेल्या बाबांना तिनं विचारलं, “खरं सांगा बाबा, तुम्ही पडलात तेव्हा दिवा गेला होता ना?”

“गेला नव्हता. तीच तर पंचाईत झाली.”

“म्हणजे?”

बाबा जरा वेळ गुडघा चोळत राहिले. “मी आधी वर जायचो. तुझी आई मागची झाकपाक करून यायची. ती वर आली की मी वरच्या बटणानं दिवा घालवायचा. लग्न झाल्यापासून हेच. त्या दिवशी वर पोचलो, बटणावर हात ठेवला आणि वाट बघत उभा राहिलो. ही अजून का येत नाही म्हणून वळून बघायला गेलो, आणि…”

“बाबा…”

“आता दिवा चालू ठेवून मला झोप लागत नाही. आणि ती यायच्या आधी घालवायला हात होत नाही. सांग, काय करू?”

हातातला पितळी दिवा ताईनं ओढणीनं पुसला, उगाचच. मग तिला जमत होतं ते तिनं केलं. नवा दिवा बसवला, वरचं आणि खालचं अशी दोन्ही बटणं काढली, वायरी थेट जोडल्या आणि रिकाम्या खोबणींवर पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या.

“हा दिवा आता दिवसरात्र जळणार. उजेड नको असेल तर खोलीचं दार लोटून झोपा. कोणी घालवायचाच नाही, म्हणजे कोणाची वाटही बघायला नको.”

“आणि विजेचं बिल?”

“हाडांपेक्षा स्वस्त पडेल.”

बाबा हसले. किती दिवसांनी!

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ते भिंतीवरचा कठडा धरून निघाले. ताई मागोमाग. मध्ये त्यांचा पाय लटपटला, तिनं पाठीला हात लावला, आणि ते पोचले. पलंगावर आडवे झाले तेव्हा पलंग करकरला. जुनाच आवाज, पण ताईला तो ऐकून रडू यायचं बाकी राहिलं.

“पांघरूण आणते,” म्हणत ती जिना उतरू लागली.

जिन्याच्या मध्यावर ती थांबली. पाठ भिंतीला टेकलेली, पोट आत ओढलेलं, मान कलती. कोणाला तरी वाट देत होती.

जिन्यात कोणी नव्हतं.

आणि दिवा गेला.

“बल्ब,” ती अंधारात स्वतःशीच म्हणाली. आवाज तिला हवा होता तेवढा ठाम निघाला नाही.

वर पलंग पुन्हा एकदा करकरला.

“बाबा, उठलात का?”

“नाही गं.” बाबांचा आवाज झोपेनं जड झाला होता. “पांघरूण राहू दे. दिलंय.”

खाली येऊन ताईनं विजेरी आणि टेस्टर काढला. दिव्यापर्यंत वीज येत होती. बल्ब काढून स्वयंपाकघरात लावला तर लख्ख पेटला. परत जिन्यात लावला, नाही पेटला. जोडणी दोनदा उघडून पाहिली. मग हत्यारं गोळा केली आणि कोचावर पडून वरून येणारं बाबांचं घोरणं ऐकत राहिली. इतकं शांत घोरणं तिनं वर्षभरात ऐकलं नव्हतं. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

सकाळी धाकटा आला तो घाईतच.

“खरंच वर झोपले? थांब, मी धरून आणतो त्यांना. आणि ताई, दिवा बदललास म्हणे! काळोख तर तसाच आहे.”

चेष्टा करत तो दोन-दोन पायऱ्या चढू लागला. ताई खालून बघत होती. तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

मध्यावर तो थबकला. बाजूला झाला. भिंतीला चिकटून त्यानं मान खाली घातली, लहानपणी घालायचा तशी.

दिवा लागला.

धाकटा तसाच उभा राहिला. मग हळूच वळून त्यानं ताईकडे, तिच्या आजूबाजूला, तिच्या मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “आत्ता खाली…”

वरच्या पायरीवर बाबा आले होते. कठड्याला हात न लावता.

“वाट दिलीस ना तिला? मग उतर आता, मला येऊ दे.”

धाकटा खाली आला. त्यानं दाराजवळची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन उघडली. वाकला तेव्हा त्याचा उजवा खांदा ताईला दिसला, चुन्यानं पांढरा झालेला. तो झटकायला ती पुढे झाली.

तिचा हात पोचायच्या आधीच खांदा झटकला गेला.