ललिताबाईंच्या नकाशातली जाड रेघ

"...बटण दाबलं की दिसतो म्हणे. आणि एकदा का दिसला, की त्या घरात—"

एवढंच. जिन्यावरून ललिताबाई उतरताना दिसल्या आणि कौशल्याबाईंनी हातातली मेथीची जुडी उगाच नाकाशी नेली. शेजारी उभ्या इंदुबाईंनी भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला. तो त्यांनी आत्ताच विचारला होता.

"कोण दिसतो? कुठे दिसतो?"

"काही नाही हो. टीव्हीचं बोलत होतो."

आता टीव्हीचं बोलायला कुणी आवाज खाली आणतं का? अर्धी बातमी म्हणजे ललिताबाईंना दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी, दिवसभर जीभ तिथेच. त्या पिशवी घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, हलेनात. शेवटी इंदुबाईंच्यानं राहवलं नाही. "वेणूबाईंकडे ती मुलगी राहते ना, कॉम्प्युटरवाली... दुपारचं तिकडे जाऊ नका, एवढंच सांगते."

झालं. ललिताबाईंना दुपारी तिकडेच जायचं होतं.

काम तसं साधं होतं. त्यांची लेक अक्षता लग्नानंतर नऊ वर्षांनी बाळंत झाली होती. नऊ वर्षं! किती उपास, किती डॉक्टर, आणि किती जणींचं "अजून काही नाही का?" शेवटी एकदाची नात झाली होती आणि ललिताबाईंनी ठरवून टाकलं होतं, बारसं साठ बायकांचं, आणि माझ्याच घरी. पण पहिल्या मजल्यावरचा त्यांचा हॉल दहा बाय बारा. साठ बायका काय फडताळात बसवायच्या? म्हणून हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडायची होती. पोपट गवंडी रविवारी यायचा होता. मधे सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले, "आधी नकाशा दाखवा, मग हातोडा लावा."

नकाशा काढणार उत्कर्षा. वर्ध्याची मुलगी, वेणूबाईंकडे भाड्यानं राहणारी. एका ऑफिससाठी घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. आदल्या दिवशी टेप घेऊन ललिताबाईंचं सगळं घर मोजून गेली होती आणि मोबदल्यात चार थालीपिठं ठरली होती.

वेणूबाईंचे यजमान वैजनाथराव जाऊन दोन वर्षं झालेली. तेही नकाशेच काढायचे, पण हातानं, शाईच्या पेनांनी. कर्वेनगरातली ही तीन मजल्यांची इमारत कागदावर पहिल्यांदा उभी केली ती त्यांनीच. माणूस असा तुटक, की पंधरा वर्षांत ललिताबाईंशी तीन वाक्यं बोलला. त्यातली दोन "दार लावा" अशी होती. मूलबाळ नव्हतं. पण जिन्यात कुणाचं तान्हं दिसलं, की हाच माणूस थांबायचा. शाईनं काळी झालेली आपली करंगळी त्याच्या मुठीत द्यायचा आणि ते सोडेपर्यंत तिथेच उभा राहायचा. मग काही न बोलता वर जायचा.

दुपारी दोन वाजता ललिताबाई थालीपिठांचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सगळी सोसायटी आडवी झाली होती. कुठे भांडं वाजत नव्हतं, स्कूटर सुरू होत नव्हती. आतल्या खोलीत वेणूबाई झोपलेल्या. उत्कर्षाचं टेबल खिडकीखाली होतं, पूर्वी वैजनाथरावांचा ड्रॉइंग बोर्ड असायचा त्याच जागी. टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो, पाण्याची बाटली आणि कॉम्प्युटर. पडदे ओढलेले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एकच तिरीप जमिनीवर पडली होती, आखल्यासारखी.

"हे काय गं? सगळं सारखंच बारीक. भिंत कुठली नि सोफा कुठला?"

उत्कर्षा हसली. "असं समजा काकू, जमिनीपासून चार फुटांवर आडवी सुरी फिरवून अख्खं घर कापलं आणि वरून पाहिलं. सुरीत जे कापल्या गेलं, ते जाड रेघेत. जे खालीच राहिलं, ते बारीक."

"म्हणजे भिंत जाड, सोफा बारीक."

"एकदम बरोबर. उभा माणूस असला तर तोही जाड. आणि ज्या भिंतीवर वरचा भार आहे, ती सगळ्यात जाड."

"आमच्या रांगोळीसारखंच की! चिमूट सैल सोडली की जाड, आवळली की बारीक."

"हो ना! तसंही करता येते. सुरुवातीला जाडी वेगळी द्यायची, शेवटी वेगळी. मग रेघ निमुळती होत जाते." तिनं काढून दाखवली, शेपटीसारखी. "पण घराच्या रेघांचं वेगळं आहे. त्यांची जाडी सांगून ठेवली तरी इथे दिसत नाही. हे बटण दाबलं, की दिसते."

बटण. ललिताबाईंनी डबा छातीशी धरला.

उत्कर्षानं बटण दाबलं. बाहेरच्या भिंती फुगून काळ्या झाल्या, मग आतल्या. आणि हॉल-स्वयंपाकघराच्या मधली, पाडायची ती भिंत, सगळ्यांहून जाड. कोळशानं ओढल्यासारखी.

"ही मी बारीक ठेवली होती," उत्कर्षा हळूच म्हणाली. तिनं जाडी बदलली. बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. भिंत होती तशीच, जाड.

"बिघडलंय का तुझं?"

"नाही काकू... इथे रोज असंच होते. मी घाईघाईत सगळ्या रेघा एकसारख्या मारते आणि जेवायला जाते. येऊन बटण दाबलं, की एकेक रेघ नीट केलेली. ऑफिसात म्हणतात, उत्कर्षाचा हात किती सुंदर आहे." ती कसनुशी हसली. "माझा हात नाही तो. एकदा इंदुकाकूंजवळ बोलून बसले..."

तेवढ्यात आवाज आला.

कुर्र... कुर्र... ताणलेल्या ट्रेसिंग पेपरवरून धातूची निब सावकाश ओढावी तसा. एक रेघ संपली, की जरा थांबायचा. कुणीतरी मागे सरून पाहतंय, इतका वेळ. मग पुन्हा कुर्र... खोलीत ओल्या शाईचा कडसर वास पसरला. टेबलावर कागद नव्हता. पेन नव्हतं. पडद्याच्या फटीतली तिरीप मधोमध तुटली होती. कुणी आड उभं राहावं तशी.

"वैजनाथराव...?" ललिताबाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

आवाज थांबला. वाट बघितल्यासारखा.

भीतीनं माणूस पळतो. ललिताबाईंना मात्र घाबरल्या की राग यायचा. "अहो, नऊ वर्षांनी नात झालीय मला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "साठ बायका बसवायच्या कुठे? तुमच्या बोर्डावर? जिवंतपणी कधी धड बोलला नाहीत, आता तरी आड येऊ नका!"

कुर्र... एकच रेघ. लांब, ठाम.

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची भिंत आणखी सूतभर जाड झाली.

नकाशा छापला तरी ती जाडच आली. रविवारी पोपट गवंडी हातोडा खांद्यावर टाकून हजर. भिंतीवर बोटांनी ठकठक करून म्हणाला, "ह्ये काय हाय बाई, चार इंची भित्ताड. दोन घावांत खाली."

ललिताबाई भिंतीशी उभ्या होत्या. डोक्यात ती लांब रेघ कुर्र करत होती. "पोपट, आधी वीतभर प्लास्टर काढ. नुसतं प्लास्टर."

पोपटानं छिन्नीनं टवके उडवले. विटा दिसल्या. मग विटांच्या मधोमध लोखंड लागलं, उभा खांब. आणि त्यावर लाल रंगात, पट्टी लावून लिहावं तसं वैजनाथरावांचं रेखीव अक्षर:

"भार आहे. तोडू नये. तरीही तोडायची असल्यास वरच्या दोन मजल्यांना आधी विचारावे."

पोपटानं हातोडा खाली ठेवला आणि खांबाला हात जोडले. "बाई... वरचं समदं ह्याच्यावर हाय. मी जर घातला असता घाव..." 

ललिताबाई ओट्याला टेकल्या. मग एकदम हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेल्यावरही पुणेरी पाटीच लावली या माणसानं!

भिंत राहिली, पण बारशाचं काय? खबर ऐकून वेणूबाई स्वतः खाली आल्या. "आमच्याकडे करा हो. हॉल मोठा आहे. आणि..." त्यांनी उघड्या खांबावरून हात फिरवला. "त्या घरात अजून कधी पाळणा बांधला नाही."

हे कळलं तशा कौशल्याबाई धापा टाकत आल्या, आणि भाजीच्या गाडीवर राहिलेलं अर्धं वाक्य त्यांनी ललिताबाईंच्या कानात पुरं केलं. "अहो, एकदा का दिसला, की त्या घरात पाळणा म्हणून हलत नाही, असं म्हणतात! आणि तुम्ही नऊ वर्षांनी झालेलं पोर तिथे नेणार?"

त्या रात्री ललिताबाई अक्षताच्या उशाशी बसून राहिल्या. नात मूठ चोखत होती. घाबरायचं, तर खूप काही होतं. पण जिन्यात उभा राहिलेला तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना, तान्ह्याच्या मुठीतली करंगळी सोडवून न घेणारा.

"वरच करायचं," त्यांनी सकाळी सांगून टाकलं.

आणि काय बारसं झालं! साठ म्हणता सत्तर बायका आल्या. कोण कुठे बसणार याचा नकाशासुद्धा उत्कर्षानं काढला होता. पाळणा खिडकीपाशी, बारीक रेघेत. घुगऱ्यांचं पातेलं दोनदा भरलं. वेणूबाईंनी हिरवं लुगडं काढलं होतं आणि त्या उगाचच इकडून तिकडे करत होत्या. आत्यानं कानात नाव सांगितलं, मुक्ताई. हसण्याखिदळण्यानं जिना दणाणला.

दुपारी दोनच्या सुमाराला पंगत गच्चीवर गेली. हॉलमध्ये पाळण्यातली मुक्ताई, ललिताबाई आणि कोपऱ्यात उत्कर्षा. मुक्ताई रडायला लागली. ललिताबाई उठेपर्यंत गप्पही झाली.

"काकू..." उत्कर्षा कॉम्प्युटरकडे बघत होती. "मी बटण दाबलं..."

पडद्यावर पाळण्याशेजारी एक लंबगोल होता. माणसाच्या दोन खांद्यांएवढा. चार फुटांवरून सुरी फिरवली तर कापला जाईल असा. जाड.

ललिताबाईंनी मान वळवली. पाळणा हलत होता, संथ, बेतानं. दोरी कुणाच्याच हातात नव्हती, पण ताणलेली होती.

"पाळणा हलतोय का हो?" जिन्यातून कौशल्याबाईंनी भीतभीत विचारलं. "कोण हलवतंय?"

ललिताबाईंना भीतीतही हसू येत होतं.

"दार लावा," त्या म्हणाल्या. "झोपतेय ती."

संध्याकाळी अक्षतानं पोरीची मिटलेली मूठ उघडली. तळव्यावर एक काळी रेघ होती. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला केसाएवढी बारीक. तेल लावून पाहिलं, डाळीचं पीठ लावून पाहिलं. महिना झाला, रेघ तशीच आहे. अक्षता म्हणते, कुणाच्या तरी पेनाची असेल. असेलही. पण रोज दुपारी दोनच्या सुमाराला मुक्ताई हवेत मूठ मिटते, कुणाचं बोट धरावं तशी, आणि खुदकन हसते.

तेव्हा ललिताबाई ती मूठ अलगद उघडून बघतात. शाई ओली असते.