दुसऱ्या खाटेचा श्वास

खोटं वाटलं तर वाटू दे. पण आमची मावसबहीण थापा मारणाऱ्यांतली नाही. सतत काहीतरी गुणगुणत असते, म्हणून घरात सगळे तिला भुंगाताई म्हणतात. हे तिच्यासोबत घडलंय.

भुतांना रात्रच लागते असं तुमचं मत असेल, तर आधीच सांगतो, हे भर दुपारी घडलं. हॉस्पिटलमधल्या दोन खाटांच्या खोलीत. जेवणं उरकली होती आणि अख्खा वॉर्ड पेंगत होता.

ताई तेव्हा संगीतोपचार शिकत होती. चांगली नोकरी सोडून. "गाऊन कुणी बरं होतं होय?" म्हणत सासरच्यांनी नाकं मुरडली होती. त्यात पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. ही दुसरी, आणि शेवटची. आज घसरली की परत घरी बसायचं.

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या.

"गळा गोड आहे गं तुझा, पण कान कुठाय? डोळे मिटतेस आणि स्वतःचंच ऐकत बसतेस."

पद्धत तशी सोपी. आधी आजाऱ्याचा श्वास ऐकायचा. त्याच्याच लयीत गुणगुणायचं. मग लय हळूहळू उतरवायची, म्हणजे श्वासही मागोमाग उतरतो. आणि एक पक्का नियम... चाल अर्धी सोडायची नाही. शेवटच्या सुरावर आणूनच थांबायचं.

खाटेवर एक काका होते. जन्मभर बस चालवलेले. हृदयाचं ऑपरेशन नीट झालं, पण मनातली भीती काही जाईना. श्वास सारखा भरभर चालायचा. तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता.

दुसरी खाट रिकामी होती. तिच्याभोवती पडदा ओढलेला. ताई त्या पडद्याकडे पाठ करून बसली. बाई दाराच्या काचेतून बघत होत्या.

ताईने लेकीला झोपवायची चाल घेतली. रोजची, तोंडात बसलेली. पण सवयीने तिने डोळे मिटले.

श्वास ऐकू आला...

जड. घरघरता. आणि शेवटी बारीकशी अडखळ, उंबऱ्याला ठेच लागावी तशी.

तिने ती लय धरली. मग थोडी उतरवली.

श्वास उतरला.

अजून थोडी...

तोही अजून उतरला. जमलं की, ताईला वाटलं. आनंदाने तिला भरून आलं. आता दोन श्वासांच्या मध्ये एक अख्खी ओळ मावत होती.

आणि काका खोकले.

ताईच्या समोर.

पण श्वास तुटला नव्हता. तो चालूच होता...

तिच्या पाठीमागे.

तिने डोळे उघडले. काकांची छाती भात्यासारखी हलत होती. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. तिने मान वळवली.

पडदा आत ओढला जात होता... थांबत होता... बाहेर येत होता.

पंखा बंद होता. खिडकीही बंद.

चालीची एकच ओळ उरली होती. ताई थांबली.

श्वासही थांबला. आत घेतलेला... तसाच.

काकांनी कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

"ताई, ते माझ्यासाठी नव्हतं ना?"

बाई आत आल्या. त्यांनी सरकन पडदा बाजूला ओढला. उघडी खाट, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. बस.

"आज पहिल्यांदा तू दुसऱ्याचं ऐकत होतीस," बाई म्हणाल्या. "बाहेरून कळत होतं." मग त्यांनी काकांच्या धपापत्या छातीकडे पाहिलं. आवाज खाली आला. "पण कुणाचं?"

बाईंनी ताईला परत विचारलं नाही. तिला पास मात्र केलं.

ताई आता त्याच कामावर आहे. डोळे कधीच मिटत नाही. ती चाल तिने टाकून दिली. लेक रोज हट्ट करते, "आई, तेच म्हण ना." ताई दुसरंच काहीतरी म्हणते.

बाई सांगतात, "पुरं करून टाक एकदा, सुटशील."

कसं करणार? श्वास उतरत चालला होता. शेवटच्या सुरावर तो कुठे जाऊन थांबणार, हे ताईला कळतं.

परवा ती आमच्याकडे आली होती. लेक तिच्या मांडीवर झोपी गेली. आम्ही गप्पा मारत होतो. ताईने मध्येच लेकीकडे पाहिलं.

लेकीचा श्वास चालला होता. संथ...

आणि शेवटी बारीकशी अडखळ.

मीही ऐकली.

ताईचे ओठ आपोआप हलायला लागले. तीच चाल. शेवटची ओळ आली, तशी तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली.