दोघांनी उचलायची अस्थी

दोयामाच्या गल्लीतला तो बार दुपारचा बंद असतो, म्हणूनच फुसाएने दुपार गाठली होती... संध्याकाळी तिथे तिच्या भावाची, तेत्सुरोदादाची माणसं जमणार, आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायला तोंड होतं कुठे तिला! इसामूने दार उघडलं आणि तिच्या छातीशी पांढऱ्या फडक्यात बांधलेला दादाचा अस्थिकलश पाहून तो जागच्या जागी थबकला.

"दादाला जाऊन उद्या एकोणपन्नासावा दिवस," ती म्हणाली. "हा कलश उद्या आमच्या घराण्याच्या थडग्यात जाईल. म्हणून आज आणला."

"माझ्याकडे कशाला? मी घरचा थोडाच आहे, बाई?"

फुसाएच्या काळजाला घरं पडली. शब्द तिचेच होते! दहनभूमीत अस्थी वेचायची वेळ आली तेव्हा, सव्वीस वर्षं दादाशी संसार केलेल्या, शेवटच्या आजारात त्याचं सगळं काढलेल्या या माणसाला तिने "घरचेच वेचतात" म्हणून बाहेर उभं केलं होतं... का, तर सासरचे बघत होते! आणि दादाचं तोंडही न पाहिलेल्या तिच्या दिरांनी हातात जेवणाच्या असतात तशा लांब काड्या धरून, दोघा-दोघांनी मिळून त्याच्या अस्थी उचलल्या होत्या.

बरं, हे पाप पहिलं नव्हतंच. तिचं लग्न जमत होतं तेव्हा "तू इथं नसलास तर बरं होईल रे दादा" असं तीच म्हणाली होती. आठ दिवसांत त्याने घर सोडलं. वडील मरेपर्यंत त्याला कुलबुडवा म्हणत राहिले, आणि ही मूग गिळून बसली.

तिने गुडघे टेकून कपाळ फरशीला लावलं. "इसामूदादा, त्याला मीच घालवला. मग तुम्हालाही... मला माफ करू नका. पण त्याला तुमचा हात लागू दे."



"दर वर्षी बारा नोव्हेंबरला तो अख्ख्या बारला फुकट पाजायचा," इसामू म्हणाला. "म्हणायचा, आज माझ्या बहिणीचं लग्न झालं."

फुसाए ओक्साबोक्शी रडली.

इसामूपाशी राहावा म्हणून बरोबर आणलेला छोटा रिकामा कलश तिने त्याच्यापुढे ठेवला, मोठ्याचं झाकण काढलं. सगळ्यात वर गळ्याची अस्थी होती. ती सगळ्यात जवळच्या माणसाने कलशात ठेवायची असते. इसामूने काड्या आणल्या, एकदा वाकला, आणि तसाच थांबला. मग त्याने काड्यांची दुसरी जोडी तिच्यापुढे धरली.

"ताई, त्या बाजूनं धरा. हे एकट्यानं उचलत नाहीत."