नाल्यातलं लाकूड

तो हीटर जरा माझ्याकडे फिरव, अनुपम. हं, बस. अन् यशश्री, शेकोटीचं तू आज राहू दे. मागच्या पडीक जागेत जे वाळकं खोड पडलंय, ते मीही पाहिलंय. उद्या आपण टालवरून लाकडं आणू. ते खोड नको. काहून, म्हणून विचारशील तर सांगतो. पण जेवणं झालीत ना तुमची? झाली असतील तरच.

चंद्रशेखर माझ्याच सेक्शनला होता. खमरियाच्या कारखान्याच्या इस्टेटमध्ये आमची क्वार्टरं लागून, मधे कमरेएवढी भिंत. सरळ माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की उठून पान खायला जाणारा. ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या जानेवारीतली. त्याची मुलगी अवंती बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, बारसं व्हायचं होतं. अन् त्या वर्षी थंडी कशी पडली होती ते तुम्हाला आठवत नसेल. सकाळी स्कूटरच्या सीटवर दव गोठलेलं असायचं. अवंतीला हुडहुडी भरायची ती दोन रजया टाकल्या तरी जायची नाही. बाळ रडून रडून निळं पडायचं. हीटर लावला की क्वार्टरचा फ्यूज उडायचा, वायरिंग जुनं.

हेमलतावहिनी, चंद्रशेखरची बायको, त्याला म्हणाल्या, "अहो, आमच्या आईनं बाजेखाली शेगडी ठेवून आम्हा सगळ्यांना वाढवलं. तुम्ही चांगली लाकडं आणा, निखारे मी करते."

टालवरची लाकडं ओली निघाली. नुसता धूर. मग संक्रांत झाल्यावर, दुपारच्या सुट्टीत, हा कुऱ्हाड अन् दोरी घेऊन स्कूटरवर निघाला. इस्टेटच्या मागून पनागरकडे जो कच्चा रस्ता जातो, त्याच्या बाजूला नाला आहे. तिथं पडलेली लाकडं सगळेच वेचायचे. त्यात नवल नव्हतं.

नाल्यात एक झाड आडवं पडलेलं होतं. साल गेलेली, उन्हानं पांढरं झालेलं, हाडासारखं. आजूबाजूची काटकीसुद्धा लोकांनी उचलून नेलेली, अन् एवढं मोठं खोड मात्र जसंच्या तसं. चंद्रशेखरला वाटलं, आपलं नशीब.

त्यानं मला नंतर सांगितलं, तेच सांगतो. पहिला घाव घातला तेव्हा वाळक्या लाकडाचा जो टणकन आवाज येतो, तो आलाच नाही. कुऱ्हाड आत गेली. भोपळ्यात सुरी जावी तशी. ओढून काढली तर पात्याला चिकट काहीतरी. बाहेरून एवढं कोरडं लाकूड, अन् आतून ओलं, काळपट लाल. काही झाडांचा गाभा लाल असतोच, तो म्हणाला. अन् त्या लालमध्ये बारीक, काळे, लांब तंतू. मुळं असतील, तो म्हणाला. एक धरून ओढला. तो निघतच राहिला... हातभर निघाला तेव्हा त्यानं सोडून दिला. बोटाला गुंडाळला गेला होता. केसासारखा.

वास होता. मी विचारलं, कसला? मटणाचा? तो म्हणाला, नाही विष्णुपंत. आमच्या घरी रविवारी मटण होतं, तो वास मला ठाऊक आहे. हा तोंडाचा वास होता. दातात अडकून सडलेल्या घासाचा. कोणीतरी आपल्या तोंडाशी तोंड आणून श्वास सोडावा, तसा.

तरी आणलं त्यानं. घरी पोरगी कुडकुडत होती, काय करणार?

अंगणात त्यानं ओंडके करवतीनं कापले तेव्हा मी भिंतीपलीकडे उभा होतो. भुसा पडत नव्हता. करवतीखाली लगदा जमत होता, अन् माशा येऊन राहिल्या होत्या. जानेवारीत, एवढ्या थंडीत, माशा! मी नाक दाबून आत गेलो. वहिनींनी तर पदरच तोंडाला लावला.

"हे काय उचलून आणलं? कुठं काही मेलेलं पडलं होतं का त्याच्यावर?"

"जळालं की वास जातो," तो म्हणाला. हात तो साबणानं धूतच होता. साबणालाच तो वास लागला. ती वडी शेवटी फेकून दिली.

अन् वास गेला, बरं का. पेटवल्यावर खरंच गेला. धूर नाही, ठिणगी नाही. असे निखारे पडले की वहिनी खूश. लोखंडी घमेल्यात भरून बाजेखाली सरकवले अन् अर्ध्या तासात अवंतीचे दात वाजायचे थांबले. बाळ झोपलं. कितीतरी रात्रींनंतर त्या घरात सगळे झोपले. दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर कारखान्यात हसत आला.

फक्त एक. ओंडका पेटला की त्याच्या टोकातून थेंब गळायचे. पिवळे, जाड. निखाऱ्यावर पडून चर्र करायचे. सकाळी दुधाच्या पातेल्यात साय यावी तसा तवंग असायचा, पण ती साय नव्हती. बोटानं काढली की बोट दिवसभर तुळतुळीत. बाळाच्या जावळात तसंच तेलकट. वहिनींनी तिला तीनतीनदा डाळीच्या पिठानं न्हाऊ घातलं. पुसलं की परत.

मग तिसऱ्या दिवशी वास बदलला.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे वाटीभर तिळगूळ द्यायला गेलो होतो. दारातच मला वास आला, अन् खरं सांगतो पोरांनो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, "वहिनी, काय शिजून राहिलं आज? फार छान वास आहे."

वहिनी म्हणाल्या, "काही नाही भाऊजी. स्वयंपाक व्हायचाय अजून."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वास बाजेखालून येत होता.

 थांबा. पाणी दे, यशश्री.

... हं.

त्याच रात्री चंद्रशेखर आगीत लाकूड सारत होता. गळलेला थेंब त्याच्या बोटावर पडला. भाजलं म्हणून माणूस बोट तोंडात घालतो ना, तसं त्यानं घातलं. अन् मग त्याला कळलं की भाजायचं केव्हाच थांबलंय, अन् तो अजून बोट चोखून राहिला आहे. नखाच्या आतपर्यंत. तो मोरीत जाऊन ओकला. पण ओकताना त्याच्या मनात काय येत होतं, सांगू? अजून एक थेंब.

तेव्हाच ते लाकूड बाहेर फेकायला हवं होतं. तो म्हणाला, मी ठरवलं होतं, उद्या सकाळी फेकतो. पण बाहेर धुकं, लाइट गेलेली, बाळ गरम पांघरुणात शांत झोपलेलं. एवढी रात्र निघू दे.

ती रात्र शुक्रवारची. दुसऱ्या दिवशी मौनी अमावस्या. लोक नर्मदेच्या स्नानाला पहाटे निघणार म्हणून रस्त्यावर अधूनमधून जीपा जात होत्या, मग त्याही थांबल्या. बाहेरच्या खोलीत चंद्रशेखर अन् वहिनी. आतल्या खोलीत अवंती अन् बाळ. मधलं दार उघडं.

त्याला जाग आली ती आवाजानं.

फू...

मग थांबलं.

फू...

कोणीतरी निखारे फुंकत होतं. प्रत्येक फुंकरीबरोबर आतली खोली लाल व्हायची. मग विझत विझत काळी. त्याला वाटलं, हेमा उठली असेल. त्यानं हात लांबवला. हेमा शेजारी होती. झोपलेली.

मग अवंती असेल. पोरीला थंडी वाजत असेल.

तो उठून दारात गेला.

घमेलं बाजेखालून बाहेर ओढलेलं होतं, समोरच्या भिंतीपासून दोन हातांवर. अवंती घमेल्याजवळ जमिनीवर बसली होती, दाराकडे अर्धी पाठ करून. मांडीवर बाळ. तिचं डोकं खाली वाकलेलं.

फू...

खोली लाल झाली. अवंतीचं तोंड निखाऱ्यांकडे नव्हतं.

तिच्या तोंडात बाळाचं पाऊल होतं. आख्खं. ती ते चाटत होती. बोटांच्या मधून, टाचेवरून, हळूहळू. चपचप आवाज. लाळ तिच्या हनुवटीवरून बाळाच्या लंगोटावर गळत होती.

"अवंती..."

तिनं मान वळवली. ओठ चमकत होते. झोपेतल्यासारखी हसली अन् म्हणाली, "बाबा, हिला कसली अच्छी महक येते ना? तुम्ही घेऊन बघा."

अन् ती बोलत असताना...

फू...

निखारे लाल झाले.

बोलताना माणूस फुंकू शकत नाही. चंद्रशेखर म्हणाला, विष्णुपंत, मला तेवढंच सुचलं. पोरगी बोलून राहिली आहे. हेमा मागं झोपली आहे. बाळाला फुंकता येत नाही. मग...

तो वास परत आला. पहिला. दातातला, सडका. घमेल्याच्या पलीकडून, भिंतीकडून येत होता. गरम. ओला. चेहऱ्यावर.

अवंतीनं परत मान खाली घातली. या वेळी तिनं तोंड उघडलं ते चाटायला नाही. दात दिसले.

त्यानं बाळ ओढलं. अवंती गुरगुरली. आपली अवंती, एम.कॉम. झालेली, मुंगीला पाय न लावणारी पोरगी... गुरगुरली अन् त्याच्या मनगटाला चावली. त्यानं सोडलं नाही. बाळ छातीशी धरून तो ओरडला, "हेमा! हिला धर!" वहिनी धावत आल्या. त्यांनी लेकीला मागून कवेत आवळलं. त्यानं बाळ बाजेवर ठेवलं अन् ते घमेलं उचललं. नुसत्या हातांनी. हात चरचरले. त्याला आपल्याच हातांचा वास आला अन्... तोंडाला पाणी सुटलं.

तसाच तो अंगणात धावला अन् घमेलं फेकून दिलं.

तोवर ओरडा ऐकून मी भिंतीवरून उडी मारून आलो होतो. मी जे पाहिलं ते माझ्या डोळ्यांनी. सगळे निखारे दवात विझत होते. एक विझत नव्हता. तो मंद व्हायचा... मग लाल व्हायचा. मंद व्हायचा... लाल व्हायचा. जमिनीजवळून आवाज येत होता. फू.

मी बादली उपडी केली त्याच्यावर. मग शांत झालं.

आत अवंती ओकत होती. पिवळं, तेलकट. अन् त्यात केस. लांब केस, पुंजकाच. तिचे केस तर खांद्यापर्यंत कापलेले. ओकून झाल्यावर ती थरथरायला लागली अन् म्हणाली, "आई, थंडी वाजते. बाळ कुठाय?" तिला काही आठवत नव्हतं. वहिनी रडत होत्या, पण तिला काही सांगितलं नाही. बाळाच्या टाचेवर दोन लाल खुणा होत्या, रक्त आलं नव्हतं. ते मजेत झोपलं होतं.

आम्ही रात्रभर आमच्या घरी बसलो सगळे, एका रजईत. सकाळी मी अन् श्रीकांतनं, तो समोरच्या क्वार्टरमधला, उरलेले ओंडके पोत्यात भरून नाल्यात नेऊन टाकले. पोतं पाठीला लागलं तिथं माझा शर्ट चिकट झाला. तो शर्ट मी तिथंच काढून टाकला अन् बनियनवर घरी आलो. त्या थंडीत.

श्रीकांतचं म्हणणं, "बंद खोलीत निखारे ठेवले की गॅस होतो. माणसाचं डोकं फिरतं, भास होतात. पेपरात येत असतं." दवाखान्यातही तेच सांगितलं. चंद्रशेखरच्या हातांना मलम लावलं, अवंतीला गोळ्या दिल्या. पोरगी बरी झाली. बाळाचं बारसं झालं, अपूर्वा नाव ठेवलं. आता शाळेत जाते. अवंती नागपूरला सासरी असते, तिला हे अजूनही ठाऊक नाही. तुम्ही कधी भेटलात तर बोलायचं नाही.

मीही मानलं असतं. गॅस. डोकं फिरतं, हो. अख्ख्या घराचं फिरू शकतं.

पण रविवारी वहिनींनी आतली खोली धुवायला काढली. बाज बाहेर काढली अन् मला हाक मारली. आवाज कसातरीच.

भिंत काळी झाली होती. तेलकट काजळी, खालपासून छातीपर्यंत. घमेलं भिंतीसमोर होतं, तर काजळी धरणारच. पण मधोमध एक जागा कोरी राहिली होती. पांढरी, चुना दिल्यासारखी. घमेलं अन् भिंत यांच्यामध्ये कोणी बसलेलं असलं, तर त्याच्या मागची भिंत जशी कोरी राहील, तशी.

उकिडवी बसलेली बाई. गुडघे, खांदे, पुढं वाकलेलं डोकं. सुटे केस, पार जमिनीपर्यंत.

अन् तिच्या हातात वर उचलून धरलेलं, तोंडाशी नेलेलं, एक लहान मूल. डोकं होतं. हात होते.

त्या मुलाच्या गुडघ्यांच्या खाली... काही नव्हतं.