तिसरी प्रत

पेनड्राइव्ह आपला नाही, हे दीपाला कळलं ते थेट मागापाशी उभं राहिल्यावर.

कबनूरला त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये चार माग, आणि त्यांवर साड्यांचे काठ विणले जायचे. नक्षीचं काम दीपाकडे. ती संगणकावर मोर, कोयऱ्या, वेली काढायची, फाइल पेनड्राइव्हमधून मागाला द्यायची आणि माग ती ठिपक्यागणिक धाग्यात उतरवायचा. आज मात्र मागावरची छोटी स्क्रीन म्हणत होती, नक्षी सापडत नाही.

"काय झालं गं?" तात्यासोंनी ओरडून विचारलं. तात्यासो म्हणजे तिचे वडील; ती त्यांना आप्पा म्हणायची. मागांच्या आवाजात शेडमध्ये सगळेच ओरडून बोलायचे, आणि तात्यासोंना सवय अशी लागली होती की देवळातसुद्धा ते तेवढ्याच आवाजात बोलत.

"काय न्हाय आप्पा, बघते!"

तिला सकाळ आठवली. कोल्हापूरला स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती रंगीत प्रिंट काढायला गेली होती. बाहेर पावसाची पिरपिर, आत गर्दी. काउंटरवर दोन काळे पेनड्राइव्ह शेजारी शेजारी पडले होते. पुढचा उंच पोरगा, ओल्या जर्किनमधला, मागे वळून म्हणाला, "यातला तुमचा कुठला, माझा कुठला?"

"घ्या की कुठलाबी," ती म्हणाली होती. "दोनी सारखंच हायत."

ती गंमत करत होती. त्यानं मान डोलावली, एक उचलला आणि गेला. डोळे तेवढे हसरे होते, एवढं तिच्या लक्षात राहिलं. पेनड्राइव्ह मात्र राहिला नाही.

घरात येऊन तिनं तो संगणकाला लावला. आत एकोणीस फाइली, आणि प्रत्येकीच्या शेपटीला डीडीएस. तिला बीएमपी ठाऊक होती, पीएनजी ठाऊक होती, जेपीजीशी तिचं वैर होतं. हे डीडीएस कुठलं गाव? शोधाशोध करून तिनं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं आणि पहिली फाइल पीएनजी करून घेतली.

चित्र उघडलं ते पालथं. तिनं ते सुलटं केलं. लाल रंगाची आख्खी एक बस, पापड वाळत घालावा तशी सपाट पसरलेली. इकडे दार, तिकडे खिडक्या, मध्ये पाटी: कोल्हापूर–नेसरी. आणि खाली बारीक अक्षरांत, 'मॉड बनवणारा – अनेकांत, उचगाव', शेजारी मोबाइल नंबर.

तिनं फोन लावला.

"हॅलो, तुमची बस माझ्याकडं हाय."

"कुठली? नेसरीची का गारगोटीची?"

"नेसरीची. पालथी पडलीय."

"ती पालथीच असती. गेम सुलटी करून घेतोय." मग एकदम काहीतरी उमगल्यासारखा तो थांबला. "म्हंजे... तो मोर तुमचा?"

"मोर बघितलासा तुमी?"

"बघितला... आणि बसवला."

"बसवला? कुठं?"

"सीटवर."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी इचलकरंजीच्या एका कोल्ड्रिंक हाऊसमध्ये अनेकांत लॅपटॉप घेऊन आला. शिरोलीच्या एका कारखान्यात तो यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचा, आणि उरलेल्या वेळात गेमसाठी बस तयार करायचा. गेम परदेशी, त्यातल्या गाड्या परदेशी. अनेकांतसारखी पोरं त्यांना आपल्याकडचे रंग, आपल्या पाट्या चढवत. याला ते मॉड म्हणत. "ह्यातनं मिळतं काय?" असं दीपानं विचारलं, तर म्हणाला, "नेसरीची गाडी वेळेवर सुटती."

मग त्यानं बसच्या आतला भाग उघडला. चाळीस सीट, आणि प्रत्येक सीटवर दीपाचा मोर.

दीपा स्क्रीनवर इतकी वाकली की तिच्या वेणीचं टोक त्याच्या सोड्यात बुडालं. त्यानं काही न बोलता ग्लास बाजूला घेतला.

"हे माझं रंग न्हाईत," ती म्हणाली. "मी सहा रंगांत काढलाय. ह्याच्या मानेभोवती ही राखाडी घाण कसली? ... जेपीजी केलीसा?"

"आधी जेपीजी. मग डीडीएस."

"का?"

"सवय."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. जेपीजी चित्र हलकं करते खरी, पण कडांपाशी मनचे रंग घालते. फोटोत ते खपून जातं. दीपाच्या कामात एक ठिपका म्हणजे एक धागा. सहाचे सहाशे रंग झाले, तर तेवढे धागे आणायचे कुठून?

"मोराचं पिठलं केलंयसा तुमी!"

पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. आवाजात ती बापाची लेक होती. अनेकांत मात्र हसला, खुर्ची सरकवून तिला लॅपटॉपसमोर जागा करून दिली. "मग करून द्या की दुरुस्त. मी काय नको म्हणतोय?"

तिनं करून दिलं. वर मोरापुढे मोर लागताना डावी कड उजव्या कडेला कशी मिळवायची, तेही दाखवलं. "जोड दिसता कामा नये," ती म्हणाली. पुढे हे त्याचं पालुपदच झालं. काहीही दाखवलं की विचारायचा, "बघा, जोड दिसतोय का?" आणि बघायला तिला जवळ सरकावंच लागायचं. सुरुवातीला ती स्क्रीन बघायची. नंतर नंतर — खरं सांगायचं तर — त्याची बोटं बघायची.

त्यानंही तिला शिकवलं. बसची काच जेपीजीत का पांढरी पडते, तर त्या फाइलीत आरपार दिसायची सोयच नसते. आणि डीडीएसच्या पोटात एकच चित्र कसं नसतं.

"एक थोरली प्रत, मग तिच्या निम्मी, मग तिच्या निम्मी... अशा धाकट्या धाकट्या प्रती एकाच फाइलीत. बस लांब असली की गेम धाकटी दाखवतोय, जवळ आली की थोरली."

"म्हंजे जवळ गेल्यावरच खरं काय ते कळतंय."

"माझं उलटं हाय," तो ग्लासातल्या बर्फाकडे बघत म्हणाला. "मला लांबनंच बोलाय जमतंय."

असे दोन महिने गेले. फाइली येत-जात राहिल्या. त्यानं पाठवायची, तिनं पीएनजी करून रंग तपासायचे आणि चुका कळवायच्या. तिच्या संगणकावर त्यानं गेमही टाकून दिला होता. तिनं तो एकदाच उघडला, बस सरळ नदीत घातली आणि परत त्याच्या वाटेला गेली नाही. पेनड्राइव्ह अजून अदलाबदल व्हायचेच होते. दोघांपैकी कुणी विषयच काढत नव्हतं.

आणि एका सोमवारी सकाळी तात्यासोंनी चहा पिता पिता जाहीर केलं, "रविवारी पावणं येणार हायत. बेळगावचं. पोरगा बँकेत हाय."

दीपानं कपबशी खाली ठेवली, पण तात्यासोंचं बोलणं संपलं नव्हतं.

"बघून घे. आवडला तर व्हय म्हण, न्हाय तर न्हाय. पर एक हाय. तुझ्या मनात आधीच कोण आसंल, तर शनिवारपतोर सांग. माणसं जेवून खाऊन बसल्यावर न्हाय म्हणाय मला जमत न्हाय."

तिला तिथंच सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? मला एकजण आवडतो, त्याचं मला ठाऊक नाही? असलं काही बापाला सांगत नसतात. आधी त्याच्या तोंडून निघायला हवं होतं, तेही शनिवारच्या आत.

त्याच संध्याकाळी तिनं मुद्दामच बातमी कोल्ड्रिंक हाऊसच्या टेबलावर ठेवली. "रविवारी मला बघायला येणार हायत."

अनेकांतनं स्ट्रॉ ग्लासात एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली. "अस्सं," तो म्हणाला. मग — "बसच्या मागच्या बाजूवर तुमचा मोर बसवतोय. मोठा. उद्या फाइल पाठवतो... नीट बघा. लांबनं बघा."

दीपाला त्याचा असा राग आला! इथं जीव टांगणीला लागलाय आणि ह्याचं आपलं फाइल एके फाइल.

मंगळवारी फाइल आली. सोबत एवढंच: 'बघून सांगा. व्हय का न्हाय, जे आसंल ते.'

तिनं नेहमीप्रमाणे ती पीएनजी करून उघडली. मोर होता. सहाचे सहा रंग शाबूत, जोड कुठं दिसत नव्हता. तिनं लिहिलं, 'छान झालाय. शेपटीखाली एक ठिपका सरकलाय, तेवढा बघा.'

उत्तराला दोन तास लागले. 'बरं.'

मग बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. ना फाइल, ना फोन. तिला त्याची आठवण येत होती, अगदी जेवण जाईना इतकी. आणि आठवण येते म्हणून स्वतःचीच चीड येत होती. आईनं रविवारसाठी साडी काढून ठेवली. तिच्या काठावर दीपाचेच मोर होते. ते तिला बघवेनात.

शनिवारी दुपारी ती फोन घेऊन शेडबाहेर पेरूच्या झाडाखाली गेली. म्हटलं, झालं तर झालं, एकदा विचारून तरी टाकू.

"पावणं यायचं उद्यावर आलंय," ती म्हणाली. "तुमाला काय बोलायचं हाय का न्हाय?"

"मी काय बोलू आता?" त्याचा आवाज पडलेला होता. "मी विचारलं. तुमी ठिपका सरकलाय म्हणालासा. मी काय समजायचं ते समजलो."

"काय विचारलं? कवा?"

"मंगळवारी की! मोराच्या जागी... तिसऱ्या प्रतीवर... तुमी गेममधी घालून बघितलं न्हवं?"

"न्हाय. मी पीएनजी केली."

पलीकडून नुसता उसासा आला. "पीएनजीत एकच प्रत येती, दीपा! थोरली! बाकीच्या सगळ्या गळून जात्यात!"

"मग मला कसं कळणार? तुमीच शिकवलंय न्हवं, पीएनजी करून रंग तपासा म्हणून?"

"बरं, चुकलं. आता फाइल गेममधी घाला. बसच्या मागं उभ्या ऱ्हावा, आणि... आणि तशाच मागं मागं सरका."

फोन कानाशी धरूनच ती आत संगणकापाशी गेली आणि तिनं तसं केलं. स्क्रीनवर स्टँड आलं, स्टँडवर नेसरीची गाडी. गाडीच्या पाठीवर तिचा मोर, पिसारा फुलवून. ती एक पाऊल मागे गेली, मोर होता. दहा पावलं मागे गेली, तरी मोरच होता. वीस पावलांवर मोर गेला. लाल पाठीवर मोठाली पांढरी, जरा वाकडी अक्षरं उभी राहिली: दीपा, लगीन करायच?

ती एक पाऊल पुढे गेली, मोर आला. मागे गेली, अक्षरं आली. असं तिनं चार वेळा केलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"दिसलं?" फोनमधून अगदी बारीक आवाज आला.

तिनं नाक पुसलं. "'करायचं'वरचं टिंब उडालंय."

"तिसऱ्या प्रतीत एवढंच मावतंय..."

"मग तोंडानं बोला. तोंडात मावंल सगळं."

मग उचगावहून, टिंबासकट, स्पष्ट आवाज आला: "दीपा, माझ्यासंगं लगीन करायचं?"

"फाइल पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नक्षी काढायला तिला अर्धा तास लागला. पेनड्राइव्ह त्याचाच होता. तो तिनं चौथ्या मागाला लावला. त्या मागावर नमुन्यापुरतं कापड काढायचं होतं, आणि तिथं तात्यासो उभे होते.

"मोर हाय का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"बघा की आप्पा!"

माग खालून वर विणत जातो. आधी अक्षरांचे नुसते पाय आले. तात्यासो वाकून बघू लागले. पाय झाले, पोटं झाली, पण अक्षर काही लागेना. मग शेवटी वरची आडवी रेघ आली आणि लाल कापडावर पांढरी अक्षरं एकत्र जुळली.

"व्हय," तात्यासोंनी वाचलं. चारही मागांवरून ऐकू जाईल असं. मग त्यांनी मान वर केली. "कुणाला व्हय?"

"उचगावला."

"काय करतोय?"

"शिरोलीत ड्रॉइंग काढतोय. आणि बस बनवतोय, कंप्युटरवरच्या."

तात्यासोंनी माग बंद केला. कापडावरून अंगठा फिरवून बघितला, वीण बघायची सवय. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं. "आज शनिवारच न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"मुदतीत सांगितलंस," ते म्हणाले आणि खिशातून फोन काढून बेळगावचा नंबर लावला. "रामराम पावणं! उद्याचं राहू द्या... न्हाय, राग मानू नगासा, पोरीनं परस्पर विणून टाकलंय!"

मग त्यांनी कात्री घेऊन तेवढा तुकडा नीट सरळ कापला आणि तिच्या हातात दिला. "फोटू काढून धाड त्याला. पोरगं तिकडं ताटकळत बसलं आसंल."

"न्हाय आप्पा, फोटोची जेपीजी होती," दीपा म्हणाली, कापडाची घडी घातली आणि चप्पल पायात सरकवून उचगावची गाडी गाठायला निघाली.