दुमडीतला केस

इंग्लंडातल्या मॅकल्सफील्डच्या रेशीम विणकरांनी आपल्या घरांच्या माळ्यांना भिंतभर खिडक्या ठेवल्या होत्या, मागावर उजेड पडावा म्हणून. तशाच एका माळ्यावर, जिथे पूर्वी वडिलांचा माग होता, थर्झा आणि तिची विधवा बहीण केझिया लग्नाचे झगे शिवत. त्या सप्टेंबरात त्यांच्याकडे एडिथचा झगा होता. एडिथ गिरणीच्या मॅनेजरची मुलगी. सायीच्या रंगाचं जाड रेशीम, बोट लावलं तरी करकरणारं. वर देवमाशाच्या हाडांच्या पट्ट्या घातलेली घट्ट चोळी, खाली वेगळा घागरा, मागे फुगवलेला आणि जमिनीवर हातभर लोळणारा. घेराच्या खालच्या काठाच्या नुसत्या दुमडीलाच दोघींचे दोन दिवस गेले.

"थर्झे, चौतिशी लागली तुला," केझिया म्हणाली. "घाल की एक केस त्या दुमडीत. नवरीच्या झग्यात केस घातला की वर्षाच्या आत शिवणारीचं लग्न होतं."

"तू घातला होतास?"

"मग टॉम कसा मिळाला? जरा जाड केस निवडायला हवा होता, एवढंच."

थर्झा हसली. पण केझिया चहा करायला खाली गेल्यावर तिने कपाळावरचा एक लांब काळा केस उपटला, सुईत ओवला आणि दुमडीच्या आतून सात टाके घातले. शेवटी गाठ मारली. गाठ मारायची नसते, केस सुटा सोडायचा असतो, हे त्या गावातल्या प्रत्येक शिवणारणीला ठाऊक होतं. तिलाही होतं. पण टाका सुटा सोडणं तिच्या हाताला कधी जमलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी ती खिडकीशी बसून बाह्या कापत होती. चर्चची घंटा वाजली आणि तिच्या कपाळावर ओढ बसली. कुणी चिमटीत केस धरून हळूच पुढे खेचावा तशी. पुन्हा. आणि पुन्हा. कुणीतरी पावलं टाकत असावं, अशा अंतराने.

"माशी बसली का गं?" केझियाने विचारलं.

"हो," थर्झा म्हणाली.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे एडिथ तो झगा घालून हिवाळाभर नातेवाइकांकडे जेवायला जात होती. थर्झाला ते दिवस कळत. जिना चढताना ओढ वर जाई, नाचताना गरगरे. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

मार्चमधल्या एका मंगळवारी मात्र ओढ थांबली आणि हवा दाट झाली. खिडक्या उघड्या होत्या, ऊन मांडीवर पडलं होतं, आणि थर्झाला श्वास पुरत नव्हता. तोंडाशी कापराचा वास येत होता. केझियाने तिच्या चोळीच्या पाठीवरच्या नाड्या सैल केल्या. काही फरक पडला नाही.

रविवारी चर्चबाहेर तिने एडिथला गाठलं. पोरीचं पोट दिसायला लागलं होतं.

"झगा कुठे आहे, ताईसाहेब?"

"पेटीत घातला, कापूर ठेवून. मंगळवारीच. आता काय तो मला होतोय!"

"दुमड एकदा तपासायची होती. माझ्याकडून एक टाका चुकलाय."

"तुझ्याकडून? अगं, राहू दे. बाळ झालं की काढू."

थर्झाने आणखी तीनदा निरोप धाडला. पेटी उघडली नाही. उन्हाळाभर ती तोंड उघडं ठेवून शिवत राहिली.

ऑगस्टच्या शेवटी एडिथ बाळंतपणात गेली. सासूने सांगितलं, लग्नाच्याच झग्यात पुरायची.

हे ऐकलं आणि थर्झा कात्री घेऊन धावत सुटली. कापराची पेटी आज ना उद्या उघडली असती. शवपेटी उघडणार नव्हती.

एडिथच्या सासरी, लीथमांच्या बैठकीत पडदे ओढलेले होते, आरशावर काळं कापड होतं. एडिथ शवपेटीत निजवलेली होती. चोळी पाठीमागून उसवून चढवली होती.

"ती चोळी नीट करायला आलीस ना?" मिसेस लीथमनी विचारलं.

"दुमड जरा बघते, बाईसाहेब."

"दुमड कोण बघणार आहे आता? बाराला माणसं येतील झाकण लावायला. तोवर कर काय ते."

अकरा वाजून गेले होते. थर्झाने गुडघे टेकले आणि पायांवर घडी केलेला घेर उलटला. मागच्या शिवणीपासून डावीकडे एक वीत. तिला जागा पाठ होती.

काळा केस दिसला. तिने पहिला टाका कापला. दुसरा. सातवा.

पुढे आठवा होता.

तिने तो कापला. नववा कापला. मग घेर फिरवून बघितला. पांढरा दोरा कुठेच नव्हता. संपूर्ण दुमड काळ्या केसाने शिवलेली होती. टाके बारीक होते, सारख्या अंतराचे. तिच्याच हातचे.

ती कापत सुटली.

गाठ येईना. केस दुमडीतून शिवणीत शिरला होता, शिवणीतून वर चोळीकडे.

घड्याळ वाजलं. माणसं आत आली.

"ऊठ बाई."

"थोडंच राहिलंय!"

"सगळ्यांचं राहतं थोडं," त्यांतला म्हातारा म्हणाला आणि त्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं. दुसऱ्याने घेर आत दाबला.

झाकण बसलं. स्क्रू एकेक करून आवळले गेले.

थर्झा घरी आली, माळ्यावर चढली. उजेड भिंतभर पसरला होता. केझिया खिडकीशी काजं करत होती.

"नाही निघाला गं," थर्झा म्हणाली.

केझियाने मान वर केली. "काय?"

"केझिया, गाठ सापडली नाही!"

"अगं, मोठ्याने बोल ना. तोंड हलतंय नुसतं."

थर्झा हातभर अंतरावर उभी होती. तिने होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि किंचाळली.

केझियाने काम खाली ठेवलं. बंद जागेतून यावा तसा दबका आवाज तिने कान देऊन ऐकला. मग थर्झाच्या बाजूने पुढे जाऊन ती कोपऱ्यातल्या कपड्यांच्या पेटीशी बसली आणि तिने झाकणाला कान लावला.